तारबाई, आपले उपकार कसे फेडू?

श्रीमती पोलादी तारबाई,
मुक्काम: जगातले जवळपास सगळे डबल बास

यांच्या सेवेशी कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपला वेळ मोलाचा आहे, हे मी जाणतो. आपण एकदा वाजू लागलात की लवकर थांबत नाही, त्यामुळे पत्र वाचायला आपल्याला सवड कधी मिळेल याची काळजी होती. तरीही धीर करून लिहितो आहे. आपले उपकारच इतके आहेत की गप्प राहणे कृतघ्नपणाचे ठरेल.

मी डबल बास वाजवतो, जॅझ वाजवतो, आणि आपली क्षमा मागून सांगतो, तातीवर वाजवतो. तात म्हणजे मेंढीच्या आतड्याची. आतडे धुवायचे, खरवडायचे, उभे चिरून त्याच्या पट्ट्या करायच्या, ओल्या असतानाच त्या एकत्र पिळायच्या, ताणून वाळवायच्या आणि मग घासून गुळगुळीत करायच्या. वरच्या दोन, जी आणि डी, बहुधा अशाच उघड्या असतात. खालच्या दोन, ए आणि ई, यांच्यावर धातूची बारीक तार गुंडाळतात, नाहीतर तेवढ्या खर्जासाठी त्या दोरखंडाएवढ्या जाड कराव्या लागतील. आपण या सगळ्या घाणीतून आम्हाला सोडवलेत. आपण कारखान्यातून येता, चकचकीत, कागदी पाकिटात, वेटोळे घालून. आपल्या अंगाला कसलाच वास नसतो. पहिला धन्यवाद त्याबद्दल.

दुसरा धन्यवाद आपल्या दीर्घायुष्याबद्दल. तातीचे केस निघतात, म्हणजे तंतू सुटून उभे राहतात. ते नेलकटरने कापावे लागतात, वरून तेलाचा हात फिरवावा लागतो, आणि एवढे करूनही एक दिवस ती तुटते ती तुटतेच. किंमतही काही कमी नाही. आपण मात्र एकदा चढलात की वर्षानुवर्षे उतरत नाही. साठच्या दशकात आपण जॅझच्या घरात पाऊल ठेवलेत आणि सत्तरच्या दशकात घर आपल्या नावावर झाले. आधी राहणाऱ्या बाईचे सामान कुठे गेले, असे कोणी विचारले नाही. ती जवळजवळ अर्धे शतक तिथे नांदत होती, एवढेच मला आठवण करून द्यायचे आहे.

न्यू ऑर्लिन्सच्या नाचघरांत आणि मिसिसिपी नदीवरच्या बोटींवर पॉप्स फॉस्टर बास वाजवत होता, तेव्हा ना माइक होता ना अँप्लिफायर. समोर कॉर्नेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट, आणि पायांनी फरशी दणाणून सोडणारी माणसे. त्या गदारोळातून चार ताती नाचणाऱ्यांच्या पोटापर्यंत पोचत. कशा पोचत? बोटाच्या टोकाने तर मुळीच नाही. तर्जनीची पूर्ण कड तातीला लावून, खांद्यापासून ओढून, तिला धनुष्यासारखी सोडत. कधी तात इतकी ओढत की ती सुटून पट्टीवर आपटे आणि त्या टाळीतच ड्रमचे निम्मे काम होऊन जाई. मिल्ट हिंटन हे काम अशा सफाईने करी की त्याच्या वाद्यवृंदाचा प्रमुख कॅब कॅलोवेने 1939 साली बासलाच पुढे करून एक तबकडी काढली. 1954 च्या जुलैत मेम्फिसला एल्व्हिस प्रेस्लीची पहिली तबकडी झाली तेव्हा खोलीत ड्रमवाला नव्हता. बिल ब्लॅकचा बास तेवढा होता, आणि ठेका कमी पडल्याची तक्रार आजवर कोणी केलेली नाही.

हीच आपट आपल्यावर करून पाहिली की बोटांची सालटी निघतात आणि आवाज खणखणतो. आपण आमच्या बोटांची एवढी काळजी घेता की ते वाजवणेच बहुतेकांनी सोडून दिले. आभारी आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आपल्या आसेकडे.

आपल्याला आस आहे, तारबाई. कबूलच करायला हवे. एकदा छेडले की आपण कितीतरी वेळ गुंजत राहता. तातीला तेवढी आस नाही. ती जाड, मऊ, आतल्या आत घर्षणाने थकणारी. छेडली की एक दणका होतो, लाकूड बोलते, वरचे बारीक स्वरांश झटकन विझतात, मग गोल गाभा उरतो आणि तोही मावळतो. आपल्या चाहत्यांच्या मते हा तिचा दोष. आपण तो दूर केलात आणि त्याबद्दल पुस्तकांतून, मासिकांतून आपला गौरव झाला.

पण जरा हिशेब करू. मध्यम द्रुत जॅझमध्ये मिनिटाला 200 ठोके असतात. म्हणजे एका ठोक्याला 0.3 सेकंद. बासची सर्वांत खालची तार, ई, सेकंदाला साधारण 41 आंदोलने करते. म्हणजे त्या एका ठोक्यात तिला जेमतेम बारा आंदोलने मिळतात. बारा आंदोलनांत तिने आपले नाव सांगायचे, ठोका कुठे आहे ते दाखवायचे आणि पुढच्या स्वराला जागा करून द्यायची. चालता बास हाच असतो: एकामागून एक पावले, आणि पावलापावलांत जमीन. तातीचा स्वर ठोक्यापाशी येतो, उभा राहतो, आणि पुढचा येईतो निघून जातो. मध्ये जी इवलीशी फट राहते तिच्यातून ड्रमची झांज ऐकू येते, पियानोवाल्याचा डावा हात ऐकू येतो, श्वास ऐकू येतो. लय त्या फटीत राहते.

आपण कृपावंत होऊन ती फट बुजवलीत. निरोप घेऊन झाल्यावरही उंबऱ्यात उभा राहून बोलत राहणाऱ्या पाहुण्याला काय म्हणावे, हे मराठी घराला सांगायला नको. आपला पहिला स्वर दुसऱ्यात मिसळतो, दुसरा तिसऱ्यात, आणि खाली एक अखंड, सुंदर, चमकदार गुणगुण तयार होते. मोठ्या मनाची माणसे तिला सुरेल म्हणतात. सुरेल आहेच. पाऊल कुठे पडले ते मात्र कळत नाही.

कौंट बेसीच्या वाद्यवृंदात 1937 पासून चार माणसे एकत्र बसली: बेसी पियानोवर, फ्रेडी ग्रीन गिटारवर, जो जोन्स ड्रमवर आणि वॉल्टर पेज बासवर. पेजच्या बासला वीज नव्हती, ग्रीनच्या गिटारला नव्हती. समोर पितळी वाद्यांची फळी. तरी पेजची पावले ऐकू येत, कारण जोन्स पायाचा ड्रम पिसासारखा हलका ठेवी, बेसी दोन बोटांनी दोन स्वर टाकून थांबे, आणि ग्रीनचे चारही ठोके बासच्या अंगाला अंग लावून चालत. त्या चौघांनी एकमेकांसाठी जागा सोडली कारण सोडावीच लागे. नाहीतर बास हरवला असता, आणि बास हरवला की सगळेच हरवले असते.

सोडावीच लागे, हे तेवढे लक्षात ठेवा बाई. मला आपल्याशी जे बोलायचे आहे ते इथे आहे.

कारण आपण आलात त्या एकट्या आला नाहीत. आपल्यासोबत आपली थरथर विजेत उतरवणारे स्नेही श्रीयुत पिकअप आले, त्यांचे बंधू अँप्लिफायर आले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. 1951 मध्ये लिओ फेंडरने इलेक्ट्रिक बास बाजारात आणला आणि पुढच्या वीस वर्षांत गिटार मोठ्या झाल्या, ड्रम मोठे झाले, सभागृहे मोठी झाली. लाकडी बास घेऊन उभ्या असलेल्या माणसाची नोकरी जायची वेळ आली. आपण तिघांनी ती वाचवलीत. कित्येक घरांत आपल्यामुळे चूल पेटली. हे मी मनापासून म्हणतो आहे. ज्याच्यावर पोट आहे त्याच्याबद्दल वाकडे बोलण्याची आमच्यात पद्धत नाही.

फक्त त्या दिवसापासून ड्रमवाल्याला हात हलका ठेवायचे कारण उरले नाही. पियानोवाल्याला दोन बोटांवर थांबायचे कारण उरले नाही. बास ऐकू येत नाही? मग बटण फिरवा. बटण सगळ्यांकडे असते, बाई, आणि ते एकाच बाजूला फिरते. तातीच्या काळी ऐकणे ही अख्ख्या मंडळीची जबाबदारी होती. आपण ती माझ्या एकट्याच्या पायाशी, एका डब्यात ठेवून दिलीत. आपल्या सोयीच्या व्यवस्थेबद्दल ऋणी आहे.

मध्यंतरी एका कार्यक्रमात ध्वनिव्यवस्थेवर बसलेल्या गृहस्थांनी माझ्या बासभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि अत्यंत अदबीने विचारले, "सर, केबल कुठे लावायची?" मी म्हटले, माइक समोर ठेवा, एक हात अंतरावर. त्यांनी ठेवला. मग मंडळी वाजवू लागली आणि त्या गृहस्थांनी बाकी सगळ्यांचा आवाज वाढवला. त्यांची चूक नव्हती. ज्या पिढीने बास नेहमी केबलमधूनच ऐकला तिला पोकळ लाकडातून आवाज येतो, हे कोणी सांगायचे? आपणच त्यांच्या गुरू. गुरुदक्षिणा म्हणून त्यांनी मला रात्रभर मुका ठेवला.

सत्तरच्या दशकातल्या तबकड्यांबद्दल तर आपले विशेष अभिनंदन करायला हवे. स्टुडिओत माइक ठेवण्याची कटकटच नको म्हणून पिकअपची केबल थेट मिक्सरमध्ये खुपसण्याची प्रथा पडली. लाकूड वगळले, हवा वगळली, खोली वगळली. उरली ती आपल्या थरथरीची विजेतली नक्कल. माणसाएवढ्या उंच वाद्याचा आवाज रबराचा पट्टा ताणून सोडल्यासारखा येऊ लागला. ज्या वादकांचे हात मला पाठ आहेत त्यांनाही त्या तबकड्यांवर ओळखताना अडखळतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी डेल्फीयो मार्सालिस या निर्मात्याने तबकडीच्या वेष्टणावर छापूनच टाकले, की बासमधले लाकूड ऐकू यावे म्हणून ही थेट केबल इथे वापरलेली नाही. विचार करा, किती मोठे आपले कर्तृत्व! लाकडी वाद्यात लाकूड आहे, हे ग्राहकाला लेखी कळवावे लागले.

आपल्यामुळे तारांना पेलणारी घोडी खाली आली, याचेही आभार राहिले. तात रुंद झुलते, म्हणून ती पट्टीपासून बरीच उंच ठेवावी लागते. उंच तात दाबायची म्हणजे डाव्या हाताचे मनगट, कोपर, पाठ, सगळे कामाला लागते. आपण नाजूक झुलता, म्हणून घोडी कापून आपल्याला पट्टीजवळ आणता आले. मग वादक दोन बोटांनी भराभर पळू लागले, वरच्या सप्तकात चेलोसारखे गाऊ लागले. काही जण खरोखर थोर गायले. मी त्यांच्या पायाशी बसेन.

पण वेग वाढला म्हणून सांगण्यासारखेही वाढले का? विल्बर वेअरला विचारा. 3 नोव्हेंबर 1957 च्या रात्री न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरात सॅक्सोफोन घेऊन सनी रोलिन्स उभा होता. पियानो नाही, गिटार नाही. ड्रमवर एल्विन जोन्स, आणि बासवर वेअर, उंच चढवलेल्या ताती घेऊन. ते ध्वनिमुद्रण मिळते, जरूर ऐका. आपल्याला इच्छा नसेल तर वाचकांनी ऐकावे. वेअर पळत नाही. तो दोन-तीन स्वर घेतो, तेच पुन्हा वेगळ्या ठोक्यावर ठेवतो, एक जागा मोकळी सोडतो आणि रोलिन्स त्या जागेत शिरतो. एल्विनसारखा वादळी माणूस, पण बास बोलू लागला की त्याच्या काठ्या खाली येतात. प्रत्येक स्वर ओढायला कष्ट पडत होते, म्हणून प्रत्येक स्वर ओढण्याआधी तो घ्यावा की नाही हे ठरवावे लागत होते. आपण ते कष्ट वाचवलेत. ठरवणेही त्यातच वाचले.

एकल वादनाचे श्रेय तर आपल्याला सगळेच देतात. पोलादी तार आली आणि बासला गळा मिळाला, असे म्हणतात. मी या श्रेयाला हात लावणार नाही. फक्त जिमी ब्लँटन नावाच्या एका पोराची आठवण देतो. 1939 मध्ये तो ड्यूक एलिंग्टनकडे आला, 1940 मध्ये ‘जॅक द बेअर’ झाले. त्यात बास बोलतो आणि अख्खा वाद्यवृंद त्याला उत्तर देतो. त्याच वर्षी एलिंग्टन आणि तो, फक्त पियानो आणि बास, असे दोघेच तबकडीवर उतरले. 1942 मध्ये क्षयाने गेला तेव्हा तो 23 वर्षांचा होता. आपण जॅझमध्ये यायच्या कितीतरी आधी तो बासला गायला शिकवून गेला होता, आतड्यावर. आपल्याला ठाऊक नसेल. आपल्या स्तुतीत त्याचे नाव सहसा येत नाही.

पावसाळ्याचा मुद्दा आपल्या बाजूने जातो, आणि मी तो लपवणार नाही. जूनमध्ये मुंबईची हवा ओली झाली की तात पाणी पिते, सूर सोडते. दोन गाण्यांच्या मध्ये खुंट्या पिळाव्या लागतात. वातानुकूलित सभागृहात शिरले की पुन्हा उलटे. आपल्याला पाऊस शिवत नाही. पण हे दुखणे आपल्याकडच्या लोकांना नवे नाही. सारंगीच्या मुख्य तीन ताती आतड्याच्याच, खाली धातूच्या तरफा. पंडित राम नारायण मुंबईत वर्षानुवर्षे त्याच घेऊन बसले, दर पावसाळ्यात. सारंगी माणसाच्या गळ्याजवळ जाते म्हणून आपण तिला मान देतो आणि तिची खुंटी सारखी पिळावी लागते हे सोसतो. त्याच जातीची तात बासवर चढली की ती मागासलेली, आणि आपण आधुनिक. हा न्याय कुठला, ते आपणच सांगावे.

राग मानू नये, पण सगळ्यात मोठा उपकार मी शेवटी ठेवला. आज तरुण मुलगा बास शिकायला जातो तेव्हा वाद्यावर आधीपासून आपणच असता. त्याला निवड करावी लागत नाही. आपल्याशिवाय काही होते हे त्याला कळत नाही, म्हणून त्याला दुःखही होत नाही. तो जुन्या तबकड्या ऐकतो, पेज ऐकतो, हिंटन ऐकतो आणि विचारतो, माझा आवाज असा का येत नाही? मग कोणीतरी त्याला नवा पिकअप घ्यायला सांगते. त्याच्या हातात काही कमी नसते, तारबाई. त्या आवाजाचे आतडेच आपण काढून घेतलेले असते.

आता मागणे. आपल्याला हाकलून देण्याची माझी पात्रता नाही आणि तशी इच्छाही नाही. चार्ली हेडनने या भांडणातून वाट काढली होती. तो आयोवातला, गाणाऱ्या कुटुंबातला. पंधराव्या वर्षी पोलिओने त्याचा गळा दुबळा केला आणि गाणे थांबले, म्हणून त्याने बास धरला. 1959 मध्ये सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनबरोबर त्याने जॅझचे छप्पर उडवले आणि 2014 मध्ये जाईपर्यंत त्याचा एकेक स्वर लाकडातून उगवल्यासारखा येत राहिला. अगदी पुढारलेले संगीत वाजवणारा हा माणूस वरच्या दोन तारा आतड्याच्याच ठेवी. खालच्या दोन धातूच्या. त्याने आपला अपमान केला नाही, अर्धे घर आपल्यालाच ठेवले होते.

मीही तेवढेच मागतो. ई आणि ए आपल्याकडे राहू द्या. तिथे आपला खर्ज शोभतो, गजाखालीही आपण सरळ वागता. जी आणि डी या वरच्या दोन खोल्या मात्र रिकाम्या करून द्याव्यात. भाड्याची थकबाकी मी मागणार नाही. पुढच्या आठवड्यात एक वाद्य माझ्याकडे दुरुस्तीला येते आहे, एका विद्यार्थिनीचे, चारही तारा आपल्याच. घोडी थोडी उंच करायची ठरली आहे, खाचाही रुंद कराव्या लागतील. त्या दिवशी आपण जास्त ताणून न धरता सुटून यावे, ही हात जोडून विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
तातीवर वाजवणारा एक